कुलपातलं ॲसिड

पणदऱ्याच्या त्या आळीत विजयमालेबद्दल कुणी बरं बोलत नसे. ती नळावर घागर घेऊन आली, की तिथं उभ्या असलेल्या बायकांच्या घागरी एकाएकी भरायच्या आणि बायका चालू लागायच्या. तिला 'कळंबची कडू' म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागं बोलावं इतकी तिची भीडच कुणाला उरली नव्हती.

लग्न होऊन ती आली एक्याण्णव साली. पहिली चार-पाच वर्षं ती नुसती संभाजीची बायको होती. उंच, हाडापेरानं मोठी, कामाला वाघ आणि बोलायला कमी. कळंबला तिच्या वडिलांचं, आप्पांचं, बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या आणि आप्पांच्या विजारींना चाळणीसारखी भोकं पडलेली. आप्पा तसे गरीब गाय, पण दुकानाच्या पायरीवर लेकरू दिसलं की त्यांच्या अंगात यायचं. "रडू दे, पण हितं नको," म्हणून स्वतःच्या पोरींनाही हाकलायचे. ॲसिडची बरणी त्यांच्या छातीच्या वर, कुलपात. "दिसाय पाणी," ते म्हणायचे, "आणि लेकराला पाणी दिसलं की तहान लागती."

सासरी आल्यावर विजयमालेनं पहिल्याच सकाळी पाहिलं, की इथं ते पाणी जमिनीवर ठेवलेलं आहे.

घराच्या पडवीत दूध संकलनाचं केंद्र होतं आणि संभाजी त्याचा सेक्रेटरी होता. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे. संभाजी चटईवर मांडी घालून बसायचा. प्रत्येकाच्या दुधातलं थोडंसं काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात ॲसिड ओतायचं, नळ्या चाकात बसवून चाक हातानं गरागरा फिरवायचं. मग लोणी वर येतं आणि दुधाचा फॅट कळतो. ॲसिडची बरणी त्याच्या उजव्या गुडघ्याशी असायची, कारण माणूस खाली बसला की त्याच्या हाताशी सगळं खालीच लागतं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरात लहान मूल नव्हतं तोवर विजयमालेनंही दात आवळून ते चालवून घेतलं.

खरं केंद्र मात्र संभाजीचं नव्हतं, त्याच्या आईचं होतं. शकुबाई चार फूट सात इंचांची, वाळल्या खारकेसारखी बाई. तिचा जन्म मेंढरांमागचा. बाराव्या वर्षापर्यंत ती एका जागी सलग दोन महिने झोपली नव्हती. दुसऱ्याच्या बांधावर उतरायचं आणि दुसऱ्याच्या विहिरीवर 'पाणी घेऊ का' म्हणून विचारायचं, यातच तिचं बालपण गेलं. आता लोक तिच्या पडवीत उभे राहून मागत होते आणि देणारी ती होती. तिच्या दारातून कुणी रिकामं भांडं घेऊन परत गेलं नव्हतं. कुणाला ताक, कुणाला वासराच्या नावानं चीक, कुणाला विरजण.

पुढं आळीत घरोघरी संडास झाले. पांढरी शुभ्र भांडी बसली आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं वर्षभरात पिवळी पडली. मोरीच्या फरशीवर खार चढला. फॅटच्या ॲसिडनं हे सगळं निघतं, असा शोध कुणीतरी लावला आणि मग लोक ताकाच्या तांब्यासोबत बाटल्याही आणू लागले. खोकल्याच्या औषधाच्या, केसांच्या तेलाच्या, जी हाताला लागेल ती. शकुबाई ज्या हातानं ताक ओतायची, त्याच हातानं, तेवढ्याच मायेनं ॲसिड ओतायची. "घे गं, दोन बोटं आणखी घे. आपल्यात काय मोजून द्यायचं?"

शहाण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठ दिवस आधी, दुपारी विजयमाला मागच्या दारी भुईमूग वाळत घालत होती. छकुली, तिची सोळा महिन्यांची लेक, पडवीत खेळत होती. बडबड ऐकू येत होती तोवर ठीक होतं. मग बडबड थांबली. विजयमाला टोपली टाकून धावली.

छकुली चटईवर बसली होती. कुणासाठी तरी भरून ठेवलेली बाटली आडवी झाली होती, खालचं गोणपाट तपकिरी होऊन धुमसत होतं आणि पोरगी ओल्या चटईवर हात आपटायच्या बेतात होती. विजयमालेनं तिला उचललं आणि रांजणापाशी नेऊन तांब्यामागून तांब्या तिच्या अंगावर ओतत राहिली. शकुबाई आत झोपली होती, ती आरडाओरडा ऐकून उठली. झबल्याची कड विरघळून गेली होती. डाव्या टाचेवर बोराएवढा डाग पडला. तेवढ्यावर भागलं.

"भागलं न्हवं?" शकुबाई म्हणाली. "मग गाव कशाला गोळा करतीस? लेकरं पडत्यात, भाजत्यात, तशीच वाढत्यात."

"अवं, तुमी तरी बोला की," विजयमाला नवऱ्याला म्हणाली.

संभाजी म्हणाला, "बघू."

विजयमालेनं 'बघू'ची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला आणि पडवीच्या भिंतीत तळ स्वतःच्या कपाळाला येईल अशा उंचीवर दाराचं कपाट ठोकून घेतलं. बरणी, नळ्या, सगळं त्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

शकुबाईनं खाली उभं राहून कपाटाकडं पाहिलं. हात वर केला. बोटं दाराच्या वरच्या कडीखाली वीतभर राहिली.

"ही उंची कुणाला बघून घेतली?"

"लेकराला बघून."

"लेकरू दीड हाताचं, कपाट साडेतीन हातावर. मधली उंची कुणाची गं? माझीच न्हवं?"

विजयमालेनं कमरेची किल्ली आणखी आत खोचली. खरं तर तिनं सासूची उंची मनात धरली नव्हती; पण ध्यानात आल्यावरही तिनं कपाट खाली घेतलं नाही, हेही तितकंच खरं.

त्या दिवसापासून दोघींत उभा दावा सुरू झाला. सकाळी संभाजी बायकोकडं किल्ली मागायचा आणि रांगेतले बाप्ये हसायचे. "सेक्रेटरी, आज मालकिणीनं परवानगी दिली का? का फॅट अंदाजानंच लावायचा?" संभाजीचे कान लाल व्हायचे. आणि बाटल्या घेऊन येणाऱ्या बायकांना विजयमाला दारातच आडवी यायची. "ताक न्या. दोन तांबे न्या. हे मिळायचं न्हाय."

"आमी काय प्यायला नेतोय व्हय?" बानूबाई म्हणाली. ती भावकीतली, शकुबाईची चुलत जाऊ. तिचा नातू रविराज नुकताच दोन वर्षांचा झाला होता.

"तुमी न्हाय पिणार, बानूआत्या. पोर पिल."

आळीनं हे वाक्य उचललं आणि नीट जपून ठेवलं.

वर रथसप्तमीआधी बानूबाईच्या घरी हळदीकुंकू झालं. विजयमाला पाय धुवायला मोरीत गेली, तर दगडावर अर्धी भरलेली तेलाची बाटली आणि शेजारी रविराजचा खुळखुळा. ती बाटली घेऊन बाहेर आली आणि जमलेल्या पंधरा-वीस बायकांसमोर तिनं ती गटारात रिकामी केली. गटार फसफसलं. कुणी वाण लुटतंय, कुणी उखाणा घेतंय, आणि ही उंच बाई ओसरीवर उभी राहून म्हणतेय, "पोराच्या हाताशी इख ठेवायचं आणि बायकांना हळदकुंकू लावायचं."

मुद्दा बरोबर होता. पण बरोबर मुद्दा सांगायला ती जागा नव्हती आणि ती रीतही नव्हती. विजयमालेला रीत कधी कळलीच नाही. बानूबाईनं त्या दिवशी तिला कुंकू लावलं, कारण दारी आलेल्या सवाशिणीला लावावंच लागतं. पण बोट असं दाबलं, की कपाळावर नख उमटलं.

होळी झाली, ऊन तापलं. धुळवडीनंतरच्या आठवड्यात एका दिवशी तिसऱ्या प्रहरी बानूबाईच्या घरातून किंकाळी आली. जनावराच्या ओरडण्यासारखी. विजयमाला गोठ्यात होती. ती शेणाच्या हातांनीच पळाली.

रविराज अंगणात बसला होता. ओठ पांढरे पडलेले, हनुवटीवरून लाळेची तार, आवाज फुटत नव्हता. बानूबाईनं त्याची मान दाबून धरली होती आणि शेजारणीनं मिठाच्या पाण्याचा तांब्या आणला होता. "घशात बोटं घाला! उलटी काढा! सगळं भाईर पडू द्या!"

विजयमालेनं बानूबाईचा हात हिसडला आणि तांब्याला लाथ मारली.

"जाताना जाळलंय, येताना दुसऱ्यांदा जाळंल! उलटी करू नका!"

"अगं, मरंल की पोर!"

"सोडा त्याला. सोडा म्हणते ना!"

तिनं पोराला ओढून घेतलं, हात धुतले, त्याचं तोंड पाण्यानं खळखळून बाहेरच्या बाहेर धुतलं, ओठ-हनुवटी धुतली. गिळायला थेंब दिला नाही. केंद्राचे रिकामे कॅन उतरवायला दुधाचा टेम्पो नेमका आला होता. "दादासो, गाडी वळीव. बारामती," ती ड्रायव्हरला म्हणाली आणि पोराला कडेवर घेऊन पुढं चढली. बानूबाई मागं कॅनांमध्ये उभी राहून आली, रस्ताभर छाती पिटत.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोराच्या तोंडात बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "उलटी झाली?"

"हिनं करू दिली न्हाय," बानूबाई म्हणाली. तक्रार होती ती.

"बरं केलं," डॉक्टर म्हणाले. पण तेव्हा बानूबाई ऐकण्यापलीकडं गेली होती. "लगेच पुण्याला न्यावं लागेल. काय प्यायलाय? बाटली आणलीय का?"

बानूबाईनं ओच्यातून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाळांच्या पोटदुखीच्या गोड औषधाची, ग्राइप वॉटरची बाटली. रविराजला तसल्याच बाटलीतून रोज चमच्यानं औषध मिळायचं. मिटक्या मारत घ्यायचा. झाकणाला चीर होती आणि चिरेवर लाल दोरा गुंडाळलेला होता.

तो दोरा विजयमालेनंच गुंडाळला होता. बाटली छकुलीची होती.

"आता काय बघतीस?" बानूबाई म्हणाली. "तूच पाठवलीस न्हवं तुझ्या सासूच्या, अक्काच्या हाती? 'विजीनं दिलंय,' म्हणाल्या. 'भांडण मिटवायचंय तिला, तोंडानं बोलाय लाजती,' म्हणाल्या. आणि मी खुळी, भुलले. आदी म्हणालीस पोर पिल, मग पोराच्या औषधाच्या बाटलीत भरून दिलंस. तुझी जीभ काळी, आणि काळीजबी काळंच!"

विजयमालेनं बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं. पोराला पुण्याला न्यायला गाडी लागली, बानूबाईचा मुलगा शेतातून परस्पर आला, ते गेले. ही दादासोच्या टेम्पोत बसून परत आली.

घरात संभाजी जेवायला बसला होता. शकुबाई चुलीपुढं. विजयमालेनं उभ्याउभ्याच विचारलं.

"छकुलीच्या बाटलीत ॲसिड कुणी भरलं?"

संभाजीनं घास ताटात ठेवला. "तू धारंला गेली व्हतीस, कपाट उघडंच व्हतं. आईनं मागितलं, मी दिलं. आता आईला न्हाय म्हणू का?"

"आणि माझं नाव का सांगितलं, आत्या?"

"तुझं नाव चांगलं व्हावं म्हणून!" शकुबाई उसळली, आणि तिचा संताप अगदी खरा होता. "आळीत तुझं थोबाड कुणाला बघवंना. म्हटलं, सूनच आपली, जोडून घ्यावं. मी मागून आणलं, माझ्या पोटच्या पोराकडनं, भिकाऱ्यावाणी, चोरून. माझ्याच घरात! कुणामुळं? कुलूप कुणी लावलं?"

"कुलूप लावलं नसतं तर बाटली लवकर गेली आसती, एवढंच."

"मग जा की. सांग आळीला. सासूला पोलिसात दे. बस गार होऊन."

छकुली आजीच्या मांडीला धरून उभी होती. चुलीशेजारी, सांडशीशेजारी. विजयमालेनं तिला उचललं. तिच्या डोक्यात तेव्हा बानूबाई नव्हती, रविराजही नव्हता. हे तिनं पुढं स्वतःशी कबूल केलं, पण दुसऱ्या कुणाशी नाही. तिच्या डोक्यात एवढंच आलं, की या घरात कपाट कितीही वर ठोकलं तरी खाली ओतणारे हात दोन आहेत, आणि ते थांबायचे नाहीत. नवरा आईला नाही म्हणणार नाही आणि आई गावाला नाही म्हणणार नाही.

"न्हाय सांगत," ती म्हणाली. "कुणाला न्हाय सांगत. पण केंद्र हितनं हलवायचं. पुढच्या सोमवारपर्यंत."

"येडी का खुळी?" संभाजी म्हणाला. "कुठं हलवू?"

"सोसायटीच्या गोदामामागं खोली रिकामी हाय."

"तितं लाईट न्हाय."

"कंदील लावा. न्हायतर मी आत्ताच्या आत्ता जाऊन बानूआत्याच्या सुनंला सांगते, बाटली कुणी भरली आणि कुणी दिली. खोटं कुणी बोललं तेबी सांगते."

संभाजी आईकडं बघू लागला. शकुबाई चुलीत बघत होती. जळतं लाकूड मागं ओढून तिनं विचारलं, "आणि मी?"

"तुमी हितंच. घरात. ताक करा."

एवढं क्रूर विजयमाला आयुष्यात कधी बोलली नव्हती. ते आपल्याला जमतंय, याचं तिला नवल वाटलं नाही.

सोमवारी सकाळचं दूध गेलं आणि सामान हलायला लागलं. दादासोनं टेम्पो दाराला लावला. कॅन चढले, चाक चढलं, वजनाचा काटा चढला. आळी आपापल्या दारात उभी राहून बघत होती. कुणी म्हणालं, सुनेनं सासूच्या बुडाखालचं बसकर काढलं. कुणी म्हणालं, पाप घराबाहेर काढून पवित्र होतीय. शकुबाई पडवीच्या खांबाला टेकून खाली बसली होती, आणि तिच्यापुढून तिची पडवी उचलून नेत होते.

तेवढ्यात बानूबाई आली. ती आदल्या दिवशी पुण्याहून परतली होती. रविराज वाचला होता. पण अन्ननळी भाजून आकसली होती. पातळ पेजेशिवाय काही उतरत नव्हतं, आणि दर महिन्याला पुण्याला नेऊन नळी घालून ती रुंद करावी लागणार होती. किती महिने, ते डॉक्टर सांगत नव्हते.

बानूबाई टेम्पो आणि दाराच्या मधे उभी राहिली. आठ दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"मला एक सांग," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. "पुण्याच्या डॉक्टरनं विचारलं, बाटली कुणी दिली. मी तुझं नाव घेतलं. पण माझ्या सुनंला पटंना. म्हणती, ती बाई असं करणारी न्हाय, तिनं तर पोराला उचलून नेलं. म्हणून तुझ्या तोंडानं ऐकाय आले. तू पाठवलीस का न्हाय?"

संभाजीचा हात टेम्पोच्या फळक्यावर थांबला. शकुबाईनं मान वर केली. विजयमालेनं आता खरं सांगितलं, तर सामान उतरणार होतं हे तिघांनाही ठाऊक होतं. मग लपवायचं काही उरणार नव्हतं आणि केंद्र हलवायचं कारणही उरणार नव्हतं. बरणी अजून वरच्या कपाटातच होती. छकुली आईच्या पायात घोटाळत होती.

समोरच्या बाईला खरं ऐकायचा हक्क होता. तिच्या नातवाची अन्ननळी गेली होती. आणि जगात एक बाई तरी, बानूबाईची ती सून, विजयमालेवर विश्वास टाकून बसली होती. हे सगळं विजयमालेला दिसत होतं. ती ठोकळा नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "मीच पाठवली."

बानूबाईनं तोंड उघडलं. शिव्यांना ती कमी नव्हती. पण छकुली तोंड वर करून तिच्याकडं टकामका बघत होती, आणि ओठावर आलेलं त्या पोरीसमोर तिला बोलता आलं नाही. ती विजयमालेच्या पायापाशी थुंकली आणि निघून गेली.

विजयमालेनं कमरेची किल्ली काढून नवऱ्यापुढं धरली. "ती बरणी तेवढी न्या. जपून. मांडीवर धरून बसा."

टेम्पो गेला. आळीतली दारं एकेक करून लागली. विजयमालेनं छकुलीला आत पाळण्यात टाकलं, पडवीत बादल्या ओतल्या आणि खराटा घेऊन घासायला लागली. एकदा घासलं, पाणी काढलं, पुन्हा ओतलं. चटईच्या जागी फरशीवर जुने चरे पडले होते, ते बोटानं चाचपून पाहिले. शकुबाई खांबाशी तशीच बसून होती. तिच्या लुगड्याचा काठ भिजला तरी हलली नाही.

"तुझं नाव मी घेतलं ते माझं चुकलं," ती एकदम म्हणाली. "पण हे तू जे केलंस, ते मी मरंस्तोवर इसरणार न्हाय. ध्यानात ठेव."

"नका इसरू," विजयमाला म्हणाली. "पाय वर घ्या, आत्या. खालनं पुसायचंय. पोर सोडायचीय हितं."